रस्ता वाईट आहे

“बाजारात एकट्या जाऊ शकता?” दीक्षानं विचारलं आणि फॉर्मवर पेन टेकवलं.

“नाही,” शालनबाईंच्या आधी त्यांची सून ललिताच बोलली. “दोन वर्षांत एकट्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. सगळं घरपोच येतं.”

म्हातारपणी माणसं किती वर्षं स्वतःचं स्वतः करू शकतात, याची पाहणी करत दीक्षा खराडीतल्या या सातव्या मजल्यावर आली होती. अंघोळ, जेवण, जिना... प्रत्येक उत्तर ललिताच देत होती, तेही काळजीपोटी. शालनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

विश्रांतवाडीत त्यांची चाळीस वर्षं गेली. खडकीच्या कारखान्यात जाणाऱ्या नवऱ्याचा डबा भरला की पिशवी घेऊन त्या बाहेर पडत. कोथिंबिरीची जुडी हुंगून घ्यायची, वाटेत एखाद्या बाळंतिणीची चौकशी करायची, संध्याकाळी विहारात वंदनेला बसायचं. नवरा गेल्यावरही हाकेला ओ देणारी दहा दारं होती. सत्तरीतही दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. त्याला कुणी व्यायाम म्हणत नसे. मग मुलाची कंपनी खराडीत आली, फ्लॅट झाला, आणि तिकडची खोली भाड्यानं गेली.

“पाय दुखतात का, आजी?”

“पाय चांगले आहेत. रस्ता वाईट आहे,” शालनबाई म्हणाल्या. “ते लिहा.”

दीक्षानं फॉर्म उलटून पाहिला. “त्याला रकाना नाही हो.”

“मग चला, दाखवते.”

ललिता “अहो आई” म्हणेपर्यंत त्यांनी चपला घातल्या होत्या.

बाहेर कंपन्यांच्या गाड्या एकीमागून एक सुटत होत्या. दीक्षा दोनदा पुढं झाली, दोनदा मागं आली. तिसऱ्यांदा जागीच थबकली. शालनबाईंनी तिचं मनगट धरलं, दुसरा हात वर केला, आणि दोघी पलीकडे पोचल्या. म्हातारीची छाती धपापत होती; चेहरा मात्र हसरा होता.

“आता ‘हो’ लिहू?”

शालनबाईंचं लक्ष नव्हतं. थांब्यावर येरवड्यावरून विश्रांतवाडीला जाणारी बस लागली होती. दांडा धरून त्या सावकाश चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या.

“आजी, अहो! घरी काय सांगू?”

“जेवायला थांबू नका म्हणावं.”