एका कीबोर्डवर दोघी

आमच्या ऑफिसात भारनियमन आलं, तेव्हापासून मी आणि आकांक्षा एकाच कॉम्प्युटरवर बसत होतो. इन्व्हर्टर एकच मशीन ओढायचा, म्हणून. एकदा पुण्याचा एक पाहुणा आला आणि म्हणाला, "अरे वा, तुम्ही पेअर प्रोग्रामिंग करता!" परदेशात म्हणे लोक मुद्दाम असं काम करतात. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. वीज असती तर कोण मुद्दाम बसलं असतं?

मी टाइप करायची, ती बाजूला बसून वाचायची. चुका कमी व्हायच्या, हे खरंच. मी घाईत काही सोडलं की तिचं बोट लगेच स्क्रीनवर. पण दिवसभर कोणीतरी आपल्या बोटांकडे पाहत बसलंय, हे एकदा सोसून पाहा. जांभई द्यायची चोरी. खिडकीकडे जरा पाहिलं तरी "काय झालं वं?" संध्याकाळी खोलीवर गेले की मला कोणाशी बोलावंसंच वाटत नसे. ती दर्यापूरच्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घरी जायची. तिलाही तसंच वाटत असणार.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला. कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले हेच आमचं गिऱ्हाईक; त्यांच्या हिशेबाचे प्रोग्राम आम्ही लिहायचो. एकेक बंद पडत गेले आणि अकोल्याचा एक तेवढा उरला. सोमवारी मालकांनी, अन्सारभाईंनी, आम्हाला आत बोलावलं. माणूस भला, पण अशा वेळी भलेपणाचा जास्तच त्रास होतो.

"बेटा, दोघींले ठेवणं मले आता जमत नाई. तुमी सारं मिळून करता, हेही मिळूनच ठरवा. कोण राहते, शनिवारी सांगा."

हेही मिळून! मला इतका राग आला की समोरचा चहा मी तसाच ठेवला.

आम्ही ठरवलं काहीच नाही. माझा भाऊ काम सुटून घरी बसलेला, तिच्याकडे सोयाबीन हातचं गेलेलं. दोघींना एकमेकींचं माहीत होतं, म्हणून तर बोलता येईना. गुपचूप अकोल्याचं काम करत राहिलो. कापसाची गाडी वजनकाट्यावर आली की ओलाव्याची कपात करून पक्कं वजन काढायचं, प्रोग्राममध्ये एवढाच बदल होता. तो शनिवारी पाठवायचा होता.

शनिवारी शेवटची तपासणी म्हणून मी मनानेच एक वजन टाकून पाहिलं. आकडा फारच कमी आला. वर सरकत गेले तेव्हा दिसलं, ओलाव्याची कपात मी दोनदा केली होती. हे असंच गेलं असतं तर अकोल्यात गाडी आणणाऱ्या प्रत्येकाचा कापूस कमी भरला असता आणि माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. मी बाजूला पाहिलं. आकांक्षा स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

"तुले दिसलं होतं?" मी विचारलं.

"हो. परवाच. तू टाइप करून राहिली होती तवाच."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलणारच होती वं. मंग वाटलं, टाइप तू केलं, नाव तुहंच येईन." ती स्क्रीनकडे वळली. रडली असती तर बरं झालं असतं. "माह्या बापाचा कापूसही असाच काट्यावर जाते, शकुन. तरी नाई बोलली मी."

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं, पण मी कपातीची ती जादा ओळच खोडायला लागले. ती उठली. "तूच राह्य. तुह्या बाजूले बसाची आता मलेच भीती वाटते." अन्सारभाईंना तसं सांगून ती बाहेर आली आणि पर्स उचलली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

तोवर मी चूक दुरुस्त केली होती. आतून अन्सारभाई म्हणाले, "अकोलेवाल्याचा फोन आहे, पाठव बेटा." आकडा आता बरोबर येत होता, पण परवाही मला सगळं बरोबरच वाटलं होतं. पुन्हा पुन्हा वाचून डोळ्यांपुढे नुसत्या ओळी नाचायला लागल्या. ती दारापर्यंत गेली होती.

"आकांक्षा, एवढं पाहून जा वं."

ती परत आली. पर्स खांद्यावरच ठेवून, उभ्या उभ्या, सावकाश सगळं वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पाठव."

ती जिना उतरून गेली. माझं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. तिचं खरं मानावं की नाही, मला कळेना.