यादीतलं पहिलं नाव

अवधूतच्या ऑफिसात माणसं सात आणि फोन अकरा, पण उचलणारी म्हणाल तर दीडच. एक कल्याण आणि अर्धी चिन्मयी. अर्धी एवढ्यासाठी, की ती फोन उचलायची आणि "आत्ता मी गाडीवर आहे" असं सांगून ठेवायची. बाकीच्यांचा हिशेब सरळ होता: ज्याला गरज आहे तो पुन्हा करील.

जालन्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून चौदा संस्थांच्या वेबसाइट चालत. त्यांतलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे मंठ्याकडची एक शिक्षण संस्था. नर्सिंगच्या प्रवेशाचे तिचे अर्ज ऑनलाइन भरले जायचे. गेल्या वर्षी ती साइट दोन तास बंद पडली, आणि ऑफिसला ते कळलं ते संस्थेचे सचिव अण्णासाहेब धापा टाकत जिना चढून आले तेव्हा.

"साइट मेली तुमची," अण्णासाहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आन् सुतक आम्ही पाळून राह्यलो."

त्या एका वाक्याने अवधूतची झोप गेली. त्याने कल्याणला काम दिलं. दोन गोष्टी जोडायच्या होत्या. एक टूल दर मिनिटाला प्रत्येक साइट उघडून बघायचं, जिवंत आहे का. दुसरं टूल माणसांना फोन लावायचं: आधी यादीतल्या पहिल्याला, त्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पहिल्याने बघायचं, दुसऱ्याने हाका मारायच्या. या दोघांची ओळख करून द्यायची, एवढंच कल्याणचं काम.

"हे जोडलंस ना," अवधूत म्हणाला, "की एक जूनला तुझं पक्क्या नोकरीचं पत्र."

कल्याण टेंभुर्णीचा. तीन वर्षं कंत्राटावर होता. त्या पत्राची त्याच्यापेक्षा जास्त घाई पुंजारामला होती. पुंजारामची मुलगी वंदना कल्याणला पसंत होती, वंदनेलाही तो पसंत होता, पण पुंजारामला पसंत होतं ते पत्र. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन यायचा. रामराम, पीकपाणी, आणि तिसरं वाक्य ठरलेलं: "मंग, पत्राचं काय?"

चार दिवसांत जोडणी झाली. कल्याणने फोनची यादी भरली: आधी स्वतः, मग चिन्मयी, मग अवधूत. अवधूतने ती पाहिली, दाराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला.

"काकांचं नाव कुठाय?"

काका म्हणजे शरदचंद्र, अवधूतचे सख्खे काका. टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर होऊन निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. ऑफिसची जागा त्यांची, लेटरहेडवर पहिलं नाव त्यांचं. रोज दहा ते एक ते खिडकीजवळ बसून वर्तमानपत्र वाचत आणि एक वाजता "सगळं ठीक आहे ना?" असं विचारून जात. सगळं ठीक आहे हे उत्तर द्यायला बारा वर्षांत कोणी चुकलं नव्हतं.

"सर, काकांना सर्व्हरमधलं काय कळतंय?"

"कळायचं कशाला? लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव वर असतं, म्हणून काय मांडव आजोबा घालतात?"

"पण पहिला फोन त्येंलाच जाईल."

"ते अनोळखी नंबर उचलत नाहीत रे. पाच मिनिटांत पुढे सरकेल. उद्या त्यांनी यादी बघितली आणि तुझं नाव वर, माझं खाली, आणि त्यांचं नाहीच! मला घरी जेवायचंय, कल्याण."

मग यादी पत्रिकेसारखी झाली. सगळ्यांत वर शरदचंद्र, खाली अवधूत, त्याखाली चिन्मयी आणि तळाला, जिथे लग्नपत्रिकेत "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असतं तिथे, कल्याण. साइट दुरुस्त करता येणारा माणूस चौथा.

चाचणीच्या दिवशी कल्याणने मुद्दाम एक साइट बंद केली. दोन मिनिटांत खिडकीजवळ फोन वाजला आणि काकांनी तो पहिल्या घंटीला उचलला. छत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. वाजता फोन न उचलणं त्यांच्या लेखी अन्न टाकण्यासारखं होतं. अवधूतला हे माहीत नव्हतं, कारण त्याने काकांना कधी फोनच केला नव्हता.

"अरे, ही बाई इंग्रजीत काय सांगतेय?"

खरं तर इथे चार वाक्यं बोलायची होती. काका, एक दाबला की हे काम तुम्ही अंगावर घेतलं असं ते धरतं. मग बाकी कोणाला फोन जात नाही. म्हणून तुम्ही दाबू नका. किंवा दाबलात तर लगेच मला सांगा. चारच वाक्यं. पण ऑफिस बघत होतं, कचोऱ्या आल्या होत्या, आणि मालकाच्या काकाला "तुम्ही उचलू नका" कोणत्या तोंडाने सांगायचं?

"काही न्हाई काका," कल्याण म्हणाला, "एक दाबा. बंद होतो."

"आणि पुढे?"

"पुढचं आम्ही बघतो."

काकांनी एक दाबला. खिशातून छोटी डायरी काढून वेळ लिहिली, एक्स्चेंजमधली सवय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या निवांत समजावून सांगू, असं कल्याणने ठरवलं. मनात दोनदा घोकलंही. पण त्या उद्याचा परवा झाला, आणि परवाच्या पुढे अशा गोष्टी कोणी मोजत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसातल्या रामप्रसादचं लग्न निघालं. बदनापूरला, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. त्याच दिवशी नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. कल्याण म्हणाला, "मी थांबतो." अवधूत हसला.

"मग जोडलंय कशाला? बंद पडली तर फोन येईल की!"

ते सगळ्यांना पटलं. इतकं, की ज्यांना लग्नाला जायचं नव्हतं तेही गेले. गुडघ्यांमुळे काका तेवढे घरी राहिले.

मुहूर्त नेहमीप्रमाणे लांबला. बँडवाल्याने मांडव डोक्यावर घेतला. दोन वाजता अवधूतने खिसा चाचपला, तर अण्णासाहेबांचे तीन मिस्ड कॉल. तो कल्याणकडे वळून ओरडला, "अलर्ट आला का रे?"

कल्याणने फोन बघितला. "न्हाई सर. बिलकुल न्हाई."

"मग आहेराचं विचारत असतील. त्यांनाही पत्रिका होती." आणि अवधूत पंगतीला बसला. कल्याण त्याच्या शेजारी. जिलबी दोनदा फिरली, दोघांनी दोन्ही वेळा घेतली. या दुपारची एवढीच गोष्ट कल्याणला पुढे पुन्हा पुन्हा आठवायची, की आपण दुसऱ्यांदा जिलबी घेतली.

पावणेपाचला चिन्मयीने बहिणीला फोटो पाठवायला मोबाइल उघडला, आणि तिला संस्थेच्या एका प्राध्यापिकेचा मेसेज दिसला. तिचा चेहरा बघून कल्याण उभा राहिला. मांडवाच्या मागे, भांड्यांच्या ढिगाजवळ बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि सहा मिनिटांत साइट उठवली. सहाच मिनिटांचं काम. साइट दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पडली होती.

सोमवारी अण्णासाहेब आले. या वेळी धापा टाकत नाही, सावकाश.

"मुदत आम्ही एक दिवस वाढवली," ते म्हणाले. "पण त्या दुपारी मंठ्याच्या सायबर कॅफेत लेकरं बसून होती. खेड्यावरनं आल्ती, परत गेली. दुसऱ्या दिवशी सगळी आली न्हाईत. कमिटीला मला नाव द्यायचंय. मशीनचं नको, माणसाचं. लेखी. आन् तो माणूस आमच्या कामावर पुन्हा दिसायला नको."

कल्याणसमोर टेबलावर कागद होता. त्या दुपारची प्रत्येक घंटी आणि ती कोणी घेतली, हे त्यावर छापलेलं होतं. त्याने रविवारीच ते काढलं होतं. आठ ओळी, आठही ओळींत एकच नाव. कागद त्याने पालथा घातला होता.

तेवढ्यात खिडकीजवळून काका उठले.

"कल्याणला बोल लावू नका," ते म्हणाले. "पोराची जोडणी चोख आहे. मी साक्षी आहे." त्यांनी खिशातून डायरी काढली, चष्मा चढवला आणि वाचू लागले. "एक बारा, फोन आला, एक दाबला, बंद झाला. एक बेचाळीस, फोन आला, एक दाबला, बंद झाला. दोन बारा..."

दर अर्ध्या तासाला फोनमधली ती बाई पुन्हा विचारत होती, झालं का काम? आणि काका पुन्हा सांगत होते, घेतलंय. आठही वेळा त्यांनी वाचून दाखवलं. आवाज स्वच्छ, एक्स्चेंजमधला.

"मी घरी गुडघे धरून हजर," काका डायरी मिटत म्हणाले, "आणि हे सगळे पंगतीत! मशीनने सांगितलं, मी पोच दिली. पुढचं कोणी बघायचं होतं?"

अण्णासाहेबांनी मान हलवली. "बराबर. तेच विचारून राह्यलो."

चिन्मयी खुर्चीतून पुढे झाली. "काका, पण एक दाबल्यावर..."

अवधूतने टेबलाकडे बघितलं. मग पालथ्या कागदाकडे. मग कल्याणकडे. तीन वर्षांत त्याने कल्याणकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," कल्याण म्हणाला. "चूक माझी हाय. यादी मी भरली. सांगायचं ते मी सांगितलं न्हाई."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यामुळे अवधूतला लिहून द्यायला सोपं गेलं.

अण्णासाहेब गेल्यावर त्याने कल्याणला जिन्यात गाठलं. "सहा महिने गावी राहा. निवलं की बघू."

"मंग पत्र?"

"आता कसं रे देऊ? त्यांच्याकडे तुझं नाव गेलंय." तो दोन पायऱ्या उतरून वळला. "जाण्याआधी यादी तेवढी नीट करून जा. तू नाहीस तर चिन्मयीला पहिली घे."

"काकांचं नाव काढू?"

"काढू नको. त्यांनी विचारलं तर काय सांगू?" मग अवधूतला तोड सुचली. "वेगळी यादी कर. त्यात फक्त काका. रोज अकराला एक चाचणीचा फोन लावून ठेव. त्यांना बरं वाटेल."

ते काम दहा मिनिटांचं होतं. कल्याणने ते नीट केलं, दोनदा तपासलं. जोडणीत त्याने कधी कसूर ठेवली नव्हती.

निघताना तो काकांच्या पाया पडला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. एवढं लक्षात ठेव. पुढे कुठेही जा, फोन वाजला की उचलायचा. बाकी सगळं नंतर."

"व्हय काका."

रविवारी अकराच्या ठोक्याला जालन्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी एक दाबला आणि डायरीत वेळ लिहिली.

टेंभुर्णीत त्याच वेळी कल्याणचा फोन वाजला. वर पुंजारामचं नाव होतं. कल्याण ओट्यावर बसून ते नाव बघत राहिला. घंटी पूर्ण वाजली आणि थांबली.

पाच मिनिटांनी आत स्वयंपाकघरात सोनूबाईचा, त्याच्या आईचा, फोन वाजला. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि उचलला.

"रामराम पाव्हणं," आतून तिचा आवाज आला. "हाय की, घरीच हाय. का, पत्र हुकलं ते त्यानं तुम्हाला सांगितलं न्हाई का?"