पांढरे छप्पर

अभ्यासक्रमातील पाचही जणांची विमाने ठरलेल्या सेकंदाला लक्ष्यावर पोहोचली. चौघांनी बटण दाबले. भरत पावराने दाबले नाही. त्याला आणखी दोन संधी देण्यात आल्या; त्या दोन्ही वेळीही विमान वेळेवर पोहोचले आणि बटण दाबले गेले नाही.

स्क्वाड्रन लीडर रोशनी देवरे हिने जीप बंद केली आणि हँडब्रेक ओढला. समोर सातपुड्याच्या पायथ्याशी बंद पडलेला खडी क्रशर होता. तीन बाजूंना गंजलेल्या पत्र्याच्या शेड, मधे मोकळे अंगण, अंगणात बाभळीचे एक झुडूप.

"उतर," ती म्हणाली.

भरत उतरला. आज तो साध्या कपड्यांत होता, तरी उभा राहिला तो गणवेशात असल्यासारखाच.

"हे काय आहे?"

"खडी क्रशर, मॅम. बरीच वर्षे बंद असावा."

"याआधी पाहिला आहेस?"

"नाही मॅम."

"वरून?"

भरतने मान वर करून आकाशाकडे पाहिले, मग पुन्हा शेडकडे.

"वरूनही नाही."

रोशनीने मान हलवली. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हते, पण तिने तसे दाखवले नाही. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, आणि एखादे निरीक्षण आपल्या अंदाजात बसत नसेल तर आधी अंदाज सोडायचा, हे तिला विमानात बसण्यापूर्वीच शिकवले गेले होते. अंदाज तिचा नव्हता. तो वरिष्ठांचा होता. पोराचा हात कचरतो, असे ते म्हणत होते. मुलूख त्याचा, डोंगर त्याचे. मन घराकडे ओढ घेते. सोमवारी मंडळ बसणार होते आणि भरतला लढाऊ विमानांच्या शाखेतून काढून मालवाहू विमानांकडे पाठवण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता. काठी गावातून लढाऊ विमानापर्यंत पोहोचलेला तो पहिला. 'ओढ' नावाच्या बलाचे मोजमाप रोशनीला ठाऊक नव्हते, म्हणून ती रविवारी स्वतः जीप घेऊन निघाली होती. भरतला तिने फक्त एवढेच सांगितले होते की, जमिनीवरून एकदा मार्ग पाहू.

"भरत, हे तुझे लक्ष्य आहे."

खाली वाकून त्याने खडीचा एक तुकडा उचलला, तळहातावर फिरवला आणि जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला.

"मग आम्हाला तिकडे का पाठवत होते?" त्याने विचारले.

"तिकडे कुठे?"

त्याने पश्चिमेकडे बोट दाखवले. टेकाडाच्या सोंडेपलीकडे झाडांचा एक पुंजका दिसत होता, आणि त्यात पत्र्याची चमक.

सराव साधा होता, निदान कागदावर. उपग्रहाचा आधार बंद ठेवायचा. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांवर जमिनीलगत उडायचे. तापी ओलांडल्यावर ब्राह्मणपुरीच्या शिवारात कापसाच्या जुन्या जिनिंगचे लांब पांढरे छप्पर शोधायचे. ते पंखाखाली आले की घड्याळ सुरू करायचे. या जागेला वैमानिक आयपी म्हणतात; तिथून दिशा ठरलेली, वेग ठरलेला, सेकंद ठरलेले. सेकंद संपता संपता डोंगरपायथ्याशी लक्ष्य दिसते. त्याचे छायाचित्र आधी दाखवत नाहीत, फक्त वर्णन देतात: तीन बाजूंना पत्र्याच्या शेड, मधे मोकळे अंगण. बॉम्ब नसतो. बटण दाबले की कॅमेऱ्याच्या फिल्मवर एक खूण उमटते. नंतर फिल्म पाहताना खूण स्थिर आहे का आणि ती वेळेवर उमटली का, हे तपासतात. पहिल्या आठवड्यात रोशनीने स्वतः हे उड्डाण करून दाखवले होते. तिची फिल्म वर्गात नमुना म्हणून दाखवली जाई.

झाडांचा तो पुंजका म्हणजे आश्रमशाळा होती. जीप फाटकाशी थांबली तेव्हा तीन बाजूंच्या पत्र्याच्या खोल्यांमधल्या अंगणात निवासी मुलांची सकाळची प्रार्थना चालू होती. मुले ओळींत उभी होती. दोन मुलांमधले अंतर हाताएवढे, दोन ओळींमधले त्याहून थोडे जास्त.

रोशनीने ते अंतर पाहिले. भरतच्या तिसऱ्या फिल्ममध्ये, खूण जिथे उमटायला हवी होती तिथे, तिला ठिपके दिसले होते. बारीक, समान अंतरावर, रांगांत. बंद क्रशरमध्ये समान अंतरावर काय असते, हा प्रश्न घेऊन ती इतक्या लांब आली होती.

स्वयंपाकघराच्या दारातून एक वयस्क बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि जीपजवळ येऊन थांबली.

"भरत का रे तू? तूच ना?"

"मीच, तुळशीबाई."

"केवढा झाला! खायला काही देतात का तिकडे? गाल बघ." तिने रोशनीकडे पाहिले. "पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या हातचं खाल्लं यानं. रोज दोन भाकरी जास्तीच्या. एक याची, एक याच्या खिशाची."

"तुळशीबाई," भरत खालच्या आवाजात म्हणाला.

"का, मॅडमसमोर लाज वाटली? बरं, ते विमान तुझं का रे? सकाळी येतं ते. इतकं खाली, की भाकरी करपली माझी."

"माझ्या मित्रांची आहेत."

"मग सांग मित्रांना. पोरं प्रार्थना सोडून हात करतात. हेडसर ओरडतात, ओळ मोडू नका, ओळ मोडू नका. पण एखादं निघतंच बाहेर."

भरतने अंगणाकडे पाहिले नाही. तो जीपच्या आरशाकडे पाहत होता.

जीप परतीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, मग केळी, मग पुन्हा ऊस.

"विचारायचे होतेस," रोशनी म्हणाली.

"काय विचारणार, मॅम? वर्णन जुळत होते. सेकंद जुळत होते. मला वाटले, सरावासाठी कोणतीही इमारत घेत असतील. ही घेतली."

"आणि तरी दाबले नाहीस."

"खाली काही पडत नाही, हे मला माहीत होते." त्याने उजवा अंगठा तर्जनीने चोळला. "पहिल्यांदा वाटले, पुढच्या वेळी जमेल. दुसऱ्यांदाही तसेच वाटले. विचारले असते तर म्हणाले असते, घरचा आहे म्हणून कचरतो. न विचारताही तेच म्हणाले."

रोशनीने गिअर बदलला. तिच्या डोक्यात दुसरेच गणित चालू होते. पाच वैमानिक चुकले तर पाच दिशांना चुकतात. वारा, घाई, डोळा, प्रत्येकाची चूक वेगळी. पाचही जण एकाच बाजूला, एकाच अंतराने चुकत असतील तर ती चूक नसते. तिला कारण असते. आश्रमशाळा क्रशरच्या पश्चिमेला सुमारे दोन किलोमीटरवर होती. दिशा आणि वेळ बरोबर असतील, तर सुरुवातही तितकीच पश्चिमेला सरकलेली असणार.

जिनिंग ब्राह्मणपुरीच्या पूर्वेच्या टोकाला होते. त्याचे छप्पर पांढरे नव्हते. दोन पावसाळ्यांत रंग उडून गेला होता आणि पत्रा भाजलेल्या विटेच्या रंगाचा झाला होता. भोवतीच्या नांगरलेल्या रानात तो वरून वेगळा दिसण्याचे काही कारण नव्हते. रोशनीने जीपच्या मीटरवर नजर ठेवून गाडी पश्चिमेला घेतली. मीटर दोनच्या आकड्याजवळ आला तेव्हा उजवीकडे रतिलाल पाटलांचे केळी भरण्याचे गोदाम आले. स्लॅबचे, लांबच लांब. वरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

गोदामाला बाहेरून लोखंडी शिडी होती. रोशनी चढली, मागून भरत.

"हळू चढ व माय, निसणी जुनी शे," वरून कोणी म्हणाले.

ती रतिलाल पाटलांची बायको वत्सलाबाई होती. कोपरापर्यंत हात ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाने भरलेले. सबंध छतावर, कठड्यापासून कठड्यापर्यंत, ओली पांढरी धोतरे अंथरली होती आणि त्यांवर वाळवणाचे बिबडे, ज्वारीचे मोठे पापड, थापले जात होते. सहासात बाया ओळीने बसून हात चालवत मागे सरकत होत्या. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या छताकडे डोळे बारीक केल्याशिवाय पाहवत नव्हते.

"पाय नको ठेवू वं तठे, वल्ला शेतस."

रोशनी कठड्याला चिकटून उभी राहिली. तिचे बालपण धुळ्यात गेले होते. बिबडे काय असतात हे तिला सांगावे लागले नाही. "इतकी धोतरं कुठून आणली, मावशी?"

"आते धोतर कोन नेसस? मन्हा सासराना शेतस, ह्या बायासना सासरासना शेतस. म्हातारा ग्यात, धोतर ऱ्हायनात." बाया हसल्या. "समदा गावना बिबडा आठेच व्हतस. इतली मोठी जागा दुसरीकडे कोठे शे?"

"कधीपासून चाललंय?"

"होळी व्हयनी तवयपासून. सकायले टाकतस, दुपारले उचलतस."

सराव होळीनंतरच सुरू झाला होता, आणि उड्डाणे सकाळची होती.

वत्सलाबाईने हाताचे पीठ भांड्याच्या कडेला निरपले आणि वर पाहिले. "पन ते इमान रोज आमनाच डोकावरथीन जास. का वं? आमना बिबडा देखाले येस का काय?"

बाया पुन्हा हसल्या.

"हा मावशी," रोशनी म्हणाली. "तेच देखाले येस."

यावर हसू इतके उसळले की एकीच्या हातचा बिबडा वाकडा झाला. भरत हसला नाही. तो कठड्यावर हात ठेवून पूर्वेकडे पाहत होता, जिथे जिनिंगचे छप्पर असायला हवे होते आणि रानाच्या रंगात मिसळून गेले होते. मग त्याने उत्तरेकडे मान वळवली आणि डोंगरापर्यंतची रेघ नजरेने ओढली. वैमानिकाची सवय. रेघ कुठे संपते ते त्याला आता दोन्हीकडून ठाऊक होते.

"मॅम, माझे घड्याळही इथेच सुरू झाले होते," तो म्हणाला. "म्हणजे मीही चुकलोच."

"हो. आयपी तूही चुकलास."

"मंडळापुढे तसे सांगू?"

"सांग. बाकीचे मी सांगेन."

वत्सलाबाईने एका बशीत ओले बिबडे आणि वर कच्चे तेल घालून ती भरतपुढे धरली. "खाय रे पोऱ्या. कितला वायला शे तू!" आज सकाळपासून त्याच्या तब्येतीवर बोलणारी ही दुसरी बाई. त्याने बशी घेतली आणि कठड्याशी उकिडवा बसून निमूटपणे खाऊ लागला.

रोशनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली. तिने बॅगेतून टॅब्लेट काढला. चौघांच्या फिल्म तिने एकामागून एक लावल्या. पत्र्याच्या शेड तीन बाजूंना होत्या, अंगण मधे होते, खूण स्थिर होती. अंगणात ठिपके होते. ते आधीही होते. कोणी त्यांच्याकडे पाहिले नव्हते, कारण तपासायच्या गोष्टींत ठिपके नव्हते.

तिने टॅब्लेट मिटला. मग पुन्हा उघडला आणि यादीतली पहिली, स्वतःची फिल्म लावली, वर्गात नमुना म्हणून दाखवली जाणारी. शेवटच्या क्षणांत तिने गती कमी केली. खूण उत्तम होती. बोटभरही हललेली नव्हती. खुणेच्या आत ठिपक्यांच्या ओळी होत्या, आणि एक ठिपका ओळीबाहेर आला होता.

"बठ ना व माय," वत्सलाबाई म्हणाली. "उभी काब्रं शे?"

रोशनी बसली. शेजारी ठेवलेली बशी तिने घेतली नाही. बायांचे हात चालू होते; थापत, सरकत, थापत. सोमवारी मंडळापुढे ठेवायच्या टिपणाची वाक्ये तिने मनात लावायला घेतली. तिला विशेषणे आवडत नसत आणि इथे त्यांची गरजही नव्हती.

जिनिंगचे छप्पर गंजून रानाच्या रंगाचे झाले होते. दोन किलोमीटर पश्चिमेला गोदामाचे छप्पर वाळवणामुळे सकाळी पांढरे दिसत होते. सर्व वैमानिकांनी घड्याळ या दुसऱ्या छपरावर सुरू केले. त्यामुळे सर्वजण क्रशरऐवजी आश्रमशाळेवर पोहोचले. वर्णन जुळत होते आणि सेकंदही जुळत होते.

सहा वैमानिकांपैकी एकाने खाली पाहिले.