तिच्यावर पहिलं राज्य

पडदेवालीने शिडी भिंतीला लावली, टेपचं टोक दातांत धरलं आणि ती वर चढली. दातांत टेप धरायची तिची जुनी खोड होती. दुकानातल्या पोरींनी असं केलं की ती त्यांना रागवायची, आणि स्वतः मात्र प्रत्येक खिडकीला तेच करायची.

"तोंडातून काढा ते आधी," खालून घरमालक म्हणाले. "पुढच्या दातांची वाट लागते अशाने. आयुष्यभर लोकांचे दात बघितलेत मी."

"तुम्ही खिडकी बघा साहेब, दात माझे आहेत," ती टेप न काढताच म्हणाली. त्यामुळे शब्द निम्मेच कळले आणि गृहस्थ हसले. मग पाणी आणायला म्हणून ते आत गेले. जाताना दारात त्यांनी मान खाली घातली. दार चांगलं उंच होतं, डोकं लागायचा प्रश्नच नव्हता. पण मान आपोआप झुकली, जन्मभराच्या सवयीने.

शिडीवर तिचा हात थांबला. अशी मान तिने आयुष्यात एकाच माणसाची बघितली होती.

"जिराफ?" ती म्हणाली.

दातांचे डॉक्टर असलेले घरमालक पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी शिडीवरच्या बाईकडे खालून वर आणि वरून खाली बघितलं, आणि पेल्यातलं पाणी थोडं सांडलं.

"ए लिंबू! तू?"

त्यानंतर मापं राहिली बाजूला. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, तो रंगाच्या डब्यावर, आणि तासभर दोघं एकमेकांना मध्येच तोडत बोलत राहिली.

ही नवी इमारत उभी होती ती त्यांच्याच जागेवर. इथे पूर्वी काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता आणि मागे कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. दोन रांगांच्या मधल्या आवारात सगळी पोरं वाढली. शाळेतून आलं की दप्तर दारातून आत भिरकवायचं, ते कुठे पडलं हे बघायलाही थांबायचं नाही. मग अंधार पडून आयांच्या हाका सुरू होईपर्यंत आवार पोरांचं. पकडापकडी, लंगडी, विटेच्या तुकड्याने आखलेले चौकोन आणि सगळ्यांत वर डबा ऐसपैस. एकाने डबा लांब भिरकवायचा, राज्य असलेल्याने तो आणून रिंगणात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. मग तो एकेकाला हुडकणार, नाव घेऊन डब्यावर हात आपटणार. पण त्याची पाठ वळली आणि कुणी धावत येऊन डबा उडवला, की पकडलेले सगळे सुटले. राज्य करणारा बिचारा पुन्हा पहिल्यापासून.

लिंबू सगळ्यांत धाकटी. ती कच्चा लिंबू, म्हणजे खेळायचं सगळ्यांबरोबर, पळायचं, लपायचं, पण सापडली तरी ती बाद नाही आणि तिच्यावर कधी राज्य नाही. ती दोरीवर वाळणाऱ्या चादरीमागे उभी राहायची आणि खालून पाय दिसायचे. राज्य करणारा तिच्या शेजारून जायचा, "काय गं लिंबू, मजेत ना?" म्हणायचा आणि पुढे जायचा. तिला त्या वेळी रडू यायचं. एकदा तरी कुणी तिचं नाव घेऊन डब्यावर हात आपटावा, एवढंच तिला हवं होतं. पुढे ती थोडी मोठी झाली, पण तोवर कारखाना बंद पडला, खोल्या रिकाम्या झाल्या आणि खेळ तिथेच मोडला.

"तुझा दादा कसाय?" जिराफने विचारलं.

तिने टेप गुंडाळायला घेतली. "दादा नाही आता. दहा-बारा वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त झालं."

 जिराफने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"कधीच सापडायचा नाही गं तो," शेवटी तो म्हणाला.

ते खरं होतं. दादा कुणालाच सापडायचा नाही. पण तो डबाही कधी उडवायचा नाही. बाकी सगळे पकडले गेले, रिंगणाजवळ मांडी घालून त्याची वाट बघत बसले, तरी हा यायचा नाही. डाव सोडून दिला की कुठूनतरी हात झटकत उगवायचा. पोरं चिडवायची, भित्रा म्हणायची. लिंबूला मात्र वेगळंच वाटायचं. आई म्हणायची, "हिला घेऊन जा खेळायला," आणि दादाचा चेहरा पडायचा. दुसऱ्या मुलांना अशी शेपटी नव्हती. तेव्हा हा इतका लांब लपतो तो आपल्यालाच चुकवायला, अशी तिची खात्री होती. मोठेपणी दादाने तिला काही कमी केलं नाही. तरी लहानपणीची ती समजूत निघाली नाही, कपड्यातल्या जुन्या डागासारखी राहून गेली.

पडदे लावायच्या दिवशी जिराफने जुन्या आवारातल्या आणखी दोघांना बोलावलं होतं. एक पंक्चर. लहानपणी दोन फेऱ्या धावला की फुस्स होऊन बसायचा, म्हणून पंक्चर. आता तो लोकांना गाडी शिकवायचा. दुसरी बबडी. ती एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन नुकतीच निवृत्त झाली होती आणि खुर्चीवर बसतानाही वर्गात आल्यासारखी चौफेर नजर टाकायची.

चहा झाला, पडद्यांचं कौतुक झालं, गुडघ्यांच्या तक्रारी झाल्या. मग जिन्याखाली रंगाऱ्याने टाकलेला रिकामा डबा पंक्चरला दिसला आणि डबा उचलून तो मागच्या आवारात गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग.

जुन्या आवाराचा एक तुकडाच उरला होता. तिथे आता गाड्या उभ्या राहायच्या. पाण्याची टाकी नवी होती, मागची भिंत मात्र तीच.

"राज्य कुणावर?" विटेच्या तुकड्याने रिंगण आखत पंक्चरने विचारलं.

"माझ्यावर," पडदेवाली म्हणाली.

"अगं, चकून घेऊ ना रीतसर," बबडी म्हणाली.

"काही चकायचं नाही. एवढी वर्षं तुम्ही मला दिलं नाहीत. आज माझ्यावर राज्य."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ती हसत नव्हती. जिराफने मुकाट्याने डबा उचलला आणि जोर लावून भिरकावला. तो दोन गाड्यांवरून गेला आणि भिंतीपाशी खणखणत पडला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

डबा घेऊन ती परत आली तेव्हा आवारात कुणी नव्हतं. मघाशी इथे तीन माणसं बडबडत होती आणि आता नुसतं ऊन, गाड्या आणि भिंत. राज्य म्हणजे हे असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. सगळे एकदम नाहीसे होतात आणि आपण एकटे उरतो. क्षणभर तिला त्या पोरांची सगळ्यांचीच दया आली, ज्यांचा ती इतकी वर्षं हेवा करत होती.

पंक्चर आधी सापडला, कारण त्याचा फोन वाजला. पहारेकऱ्याच्या खोलीमागून आवाज आला, "अहो, गाडी मागे घेताना मागे बघा, मला काय फोन करताय!" तिने धावत जाऊन डब्यावर हात आपटला, "पंक्चर, डबा ऐसपैस!" जिराफ टाकीमागे वाकून बसला होता, पण कंबर धरली म्हणून उभा राहिला आणि टाकीवर त्याचं डोकं उगवलं. बबडी झाकलेल्या स्कूटरच्या आवरणाखाली शिरली होती. सगळ्या शाळेला शिस्त लावलेली बाई शिंक आवरू शकली नाही.

तिघं रिंगणापाशी आली, हसून हसून डोळे पुसत. पडदेवाली मात्र थांबली नव्हती. ती जिन्याखाली वाकून बघत होती. मग टाकीच्या मागे गेली, मग भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत.

"ए लिंबू, झालं की," पंक्चर ओरडला. "सगळे सापडले. आता कोण राहिलंय?"

बबडीने त्याला कोपराने ढोसलं. 

पडदेवाली परत आली आणि डब्याशेजारी खाली बसली. "कोणी नाही रे. नुसतं बघत होते."

 मग बबडी हळूच तिच्या शेजारी टेकली.

"तो कुठे लपायचा, माहितीये तुला?"

"नाही. कुणालाच माहीत नव्हतं."

"मला होतं. पंपघराच्या छपरावर. तिकडे, आता ते मीटर लावलेत ना, त्या जागी. एकदा मी त्याच्या मागोमाग चढले. पत्रा असा तापलेला, की हात टेकवत नव्हता. मी म्हटलं, ही काय जागा झाली? इथून डबा केवढा लांब, उडवायला पोचणार कधी? तर म्हणाला, जायचंच नाहीये. मी म्हटलं, मग चढतोस कशाला मरायला?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, इथून ती सगळीकडे दिसते." बबडीने पदराने घाम टिपला. "आईने सांगितलं होतं म्हणे, हिच्यावरची नजर काढायची नाही. मागे एक उघडा हौद होता, आठवतो? तू चादरीमागे, तू जिन्यापाशी, तू त्या हौदाकडे... तो पोटावर झोपून नुसती मान फिरवत होता. खेळाकडे लक्षच नव्हतं गं त्याचं. वर मला दम दिला, तिला सांगायचं नाही, नाहीतर ती चिडेल. म्हणेल मला लहान समजतात."

पडदेवालीने मीटरच्या खोलीकडे बघितलं. मग ती जमिनीवरची माती बोटाने रेघा काढत सारखी करत बसली.

"मला वाटायचं, तो मला चुकवून पळतो," ती म्हणाली. "आणि मी त्याला भित्रा म्हणायचे. तुमच्याबरोबर मीपण म्हणायचे."

"तू म्हणायचीस त्याचंच त्याला हसू यायचं," बबडी म्हणाली.

जिराफने घसा साफ केला. "पंक्चर पहिला सापडलाय. त्याच्यावर राज्य. उठा."

दुसऱ्या डावात ती एका उंच गाडीमागे लपली आणि पंक्चरने तिला पहिल्या झटक्यात पकडलं. "लिंबू, डबा ऐसपैस!" आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाने डब्यावर हात पडला. आणि ती भांडली. डबा राखत रिंगणात उभं राहायचं नसतं, त्याचा पाय आधीच आत होता, हा खोटारडेपणा आहे. पंक्चरही ऐकेना. आवाज चढले. पूर्वी कुणाशी भांडण झालं की तिचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. तेच आत्ता घशापर्यंत आलं, थांब, दादाला सांगते. तोंड उघडलेलं तसंच राहिलं.

पंक्चर तिच्याकडे बघत होता. त्याचा आवाज खाली आला. "बरं बाई, पाय आत होता माझा. जा, लप परत."

ती गेली. या वेळी तिला भिंतीमागे बराच वेळ लपून राहावं लागलं, कारण डोळे लाल होते.

दिवेलागणीला ती घरी आली. कपडे मातीने भरलेले, कोपर सोललेलं. नवऱ्याने "पडदे लावायला गेली होतीस की कुस्ती खेळायला?" असं विचारलं, तर तिने नुसता हात हलवला आणि फोन घेऊन खिडकीत बसली. दादाची मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला होती. तिला तिने सगळं सांगितलं. डबा, बबडीची शिंक, तापलेला पत्रा, छपरावर पोटावर झोपलेला तिचा बाप.

पोरीने ते सगळं ऐकून घेतलं.

"आत्या," मग ती म्हणाली, "बाबा मला बागेत न्यायचे ना, तेव्हा घसरगुंडीवर सोडून स्वतः लांबच्या बाकावर जाऊन बसायचे. दुसऱ्यांचे बाबा जवळ असायचे, झोका द्यायचे. मला वाटायचं, यांना कंटाळा येतो माझा."

"कुठला बाक?"

"चढावरचा. एकदम टोकाला."

"तिथून दिसत असेल सगळं," आत्या म्हणाली.

"हो गं," पोरीचा आवाज बारीक झाला. "तिथून सगळी बाग दिसते."

त्यानंतरही बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.