उकळून प्यावे

प्रयोगशाळेतल्या ताईंनी तो नमुना तीनदा तपासला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं: पूर्वेकडच्या टाकीच्या पाण्यात आर्सेनिक, मर्यादेच्या सातपट. गेल्या वर्षी टाकीला नवे बोअर जोडले, तेव्हापासून ही तपासणी कुणी केलीच नव्हती. त्याच भागात ताईंची धाकटी बहीण राहत होती आणि तिला सातवा महिना होता.

अहवाल घेऊन त्या पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांकडे धावल्या. साहेबांची पाचावर धारण बसली, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला पळवाट बरोबर सापडते. कपाटात सूचनेचा तयार कागद होता, दरवर्षी गढूळ पाण्याला चालणारा: 'पाणी उकळून प्यावे.' त्यांनी त्यावर सही ठोकली आणि भोंग्याची रिक्षा पिटाळली.

"साहेब, उकळून जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही! पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. उलट जास्त दाट होतं!"

"अहो ताई, लोकांना काहीतरी सांगायला हवं ना? विषाचं नाव काढलं तर शहरभर बोंब होईल. उद्या बैठकीत बघू."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला! उद्यापर्यंत किती घरांत पातेली चुलीवर चढतील, हे साहेबांना ऐकायचंच नव्हतं. ताईंनी बहिणीला फोन लावला. ती उचलेना. मग त्यांनी सरळ स्कूटर काढली.

रिक्षा सापडली ती बहिणीच्याच गल्लीच्या तोंडाशी. ताईंनी माईक मागितला.

"बाई, कागदावर सही आहे," भोंगेवाला कळवळून म्हणाला. "मी पोटार्थी माणूस."

"मग सांगा, एका बाईनं हिसकावून घेतला," असं म्हणून त्यांनी खरंच हिसकावला.

"नळाचं पाणी पिऊ नका! उकळूनही पिऊ नका, स्वयंपाकालाही घेऊ नका! त्यात आर्सेनिक आहे!"

धडाधड खिडक्या उघडल्या. "तुम्ही कोण सांगणार?" वरून एकजण ओरडला. या उत्तरानं नोकरी जाणार, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी आपला हुद्दा खात्यासकट सांगून टाकला.

तेवढ्यात बहीण पोट सावरत, धापा टाकत खाली आली. "तुझा आवाज ओळखला म्हणून आले गं. मागच्या खोलीत नुसती घरघर येत होती, शब्द कळेना. पाण्याचं काहीतरी आहे ना?"

"तू नळाचं पाणी पितेस?" ताईंनी विचारलं.

"छे! तसंच कशी पिईन?" बहीण हसली. "पहिल्या महिन्यापासून निम्मं आटेपर्यंत उकळते आणि मगच पिते. एक दिवस चुकवला नाही. तूच नाही का सांगितलं होतंस?"

माईक चालूच होता. अख्खी गल्ली ऐकत होती. ताईंना बोलायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना आणि डोळे भरून आले. त्यांच्याकडे बघता बघता बहिणीचं हसू मावळलं. तिनं दोन्ही हात पोटावर धरले.

"ताई, बोल ना," ती म्हणाली, आणि तेही भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं.