पॅनेलवरचं नाव

आमच्या वाडीत दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय दान पोचत नाही, असा पक्का समज आहे. शाळेच्या घड्याळावर नाव आहे, पाण्याच्या पिंपावर आहे, खुर्चीच्या पाठीवर आहे. वर्गात एक पंखाही टांगलेला आहे आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर कुणाकुणाच्या कैलासवासी वडिलांची नावं आहेत. शाळेत वीज नाही, पंखा जन्मात फिरलेला नाही, त्यामुळे नावं मात्र छान वाचता येतात. लोणी भापकरच्या पुढं माळावर ही वाडी. विजेचे खांब आले, गंजले, तारा काही आल्या नाहीत. मी इथं सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते, आणि उरलेला वेळ मोठ्या माणसांशी भांडते.

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका संस्थेनं वीज नसलेल्या शाळांना कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. बेत साधा होता. एक मुख्य मशीन, त्याला ते सर्व्हर म्हणत, आणि त्याला वायरीनं जोडलेले दोन लहान पडदे, हिरवी अक्षरं उमटणारे. डोकं सगळं मुख्य मशीनमध्ये, मुलं पडद्यांपुढं बसून त्याच्यावरच काम करणार. सौर पॅनेल आणि बॅटरी गावानं द्यायची. अट एकच होती. संस्थेचे इंजिनियर नागेश पाहायला येतील त्या दिवशी सगळं शाळा सुटेपर्यंत चाललं पाहिजे. नाही चाललं, तर संच उचलून इंदापूरच्या एका शाळेत नेणार, तिथं वीज होती. माझ्या मुलांनी कॉम्प्युटर फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिला होता. आलेला परत गेला, तर दुसरा कधी येणार नाही हे मला ठाऊक होतं.

मुख्य मशीन कुठलं घ्यायचं ते आम्ही ठरवायचं होतं. संस्थेनं दोन नमुने पाठवले. एक उंच कपाटासारखं, सोबत मोठा रंगीत पडदा. दुसरा कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप, करडा, वेगानं जरा मंद. मी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला, की कपाट घेतलं तर मधल्या सुट्टीच्या आतच बॅटरी झोपेल, आणि लॅपटॉप एका बारक्या बल्बइतकंच खातो. शाळा समितीचे अध्यक्ष बापूसाहेब, डाळिंबवाले, मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी फळ्याकडं पाहिलंच नाही. बाजारात बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा कपाटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो घ्या. दिसाया तरी पायजे."

मी पुन्हा हिशेब मांडला. मग मोठी बॅटरी आणू, असं ठरलं. मी म्हटलं, रांजण कितीही मोठा आणा, वरून धार करंगळीएवढीच पडणार असेल तर तो भरणार कसा? ते सगळ्यांना पटलं, आणि पटून झाल्यावर सगळे पुन्हा कपाटाकडंच बघायला लागले. एकानं लॅपटॉपला विमा एजंटाची बॅग म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं की एवढ्याशा डब्यात सातवीचा अभ्यास मावेल का. तीन बैठका झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मी मुलांना शिकवलं होतं, पण मला ते त्या तीन बैठकांत नीट कळलं.

शेवटी बॅटरी देणाऱ्या सरदारभाईंना बोलावलं. त्यांचं भिगवणला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान. त्यांनी कपाट पाहिलं, चहा घेतला आणि एवढंच सांगितलं, की हे मशीन लावणार असाल तर बॅटरीची ग्यारंटी मिळणार नाही. दोन मिनिटांत लॅपटॉप ठरला. माझ्या तीन बैठकांच्या गणितापुढं एक ग्यारंटी भारी पडली. हसावं की रडावं कळेना.

बापूसाहेबांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. पॅनेल त्यांच्याकडून होतं, आदल्या वर्षी गेलेल्या त्यांच्या आईच्या, म्हाळसाबाईंच्या आठवणीसाठी. "बाई, हेच्यावर नाव कुठं घालायचं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत.

शुक्रवारी उद्घाटन झालं. मंडप, हार, श्रीफळ, पेढे, सगळं रीतसर. पॅनेल पत्र्यावर दक्षिणेकडं तोंड करून बसवलेलं आणि त्यावर गुलाबी साटीनचं कापड. बापूसाहेबांनी खालून दोरी ओढली, कापड सरकलं. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळ्याधमक ऑइल पेंटमध्ये, लाल सावलीसकट लिहिलेलं होतं: 'कै. म्हाळसाबाई यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र बापूसाहेब यांजकडून.' बारामतीहून खास पेंटर आणला होता. टाळ्या वाजल्या. माझ्या तोंडात पेढा होता, तो गिळवेना.

लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी गावातली सगळ्यात मोठी मोकळी काच शोधली होती. ज्या काचेवर ऊन पडायचं तिच्यावरच रंग. सरदारभाईंनी मीटर लावला. पॅनेलकडून बॅटरीत निम्म्याहून कमी वीज येत होती. नागेश सोमवारी येणार होते, आणि असंच राहिलं तर सोमवारी दुपारी पडदे विझणार होते.

नाव पुसायला कुणी तयार होईना. हेडमास्तर म्हणाले, माझी बदली जवळ आली आहे, मला यात ओढू नका. पेंटरचं म्हणणं, मी नावं लिहितो, पुसत नाही. गावातल्या माणसांनी मेलेल्या बाईचं नाव खरवडायचं पाप नको म्हणून हात जोडले. सरदारभाई खाली मान घालून म्हणाले, "मनिषाबाई, म्या मुसलमानानं हात लावला तर उद्या गावात येगळीच बातमी हुईल." त्यांचं खरं होतं, त्यामुळे मला जास्तच संताप आला.

रविवारी सकाळी मी बापूसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुमाला आई हाय न्हवं? तिचं नाव पुसा म्हणणाऱ्याला तुमी काय म्हणाल?" मी म्हटलं, काय म्हणेन ते मला माहीत नाही, पण उद्या संध्याकाळी कॉम्प्युटर इंदापूरच्या गाडीत चढलेला असेल, एवढं माहीत आहे. त्यांनी कोपऱ्यातल्या वहाणा पायात सरकवल्या. मग म्हणाले, डोळ्यांनी दाखवा.

सरदारभाई, ते आणि मी पत्र्यावर चढलो. पदर खोचून शिडी चढणारी बाई बघायला निम्मी वाडी खाली जमली, ते वेगळंच. मीटर जोडला. मी समजावलं, की आत काळ्या चौकटी आहेत त्या एकामागं एक जोडलेल्या आहेत. माळेगावच्या कारखान्यापुढं उसाच्या गाड्यांची रांग लागते, त्यातल्या एका गाडीचं चाक रुतलं की मागच्या सगळ्या उभ्या, तसं. बापूसाहेबांनी त्या रांगेत आयुष्यातल्या कितीतरी रात्री काढल्या होत्या. फळ्यावरचं गणित त्यांना कधी कळलं नाही, हे मात्र लगेच कळलं.

पण कळणं वेगळं. त्यांनी ब्लेड आणि रॉकेलचा बोळा स्वतःच्या हातात घेतला, दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. आधी 'यांजकडून' काढलं आणि मीटरकडं पाहिलं. काटा होता तिथंच. स्वतःच्या नावाशी क्षणभर थबकले, मग तेही खरवडलं. 'सुपुत्र' गेलं. 'यांच्या स्मरणार्थ' गेलं, 'कै.' गेलं. काटा जेमतेम थरथरला. आता काचेवर फक्त 'म्हाळसाबाई' उरलं होतं.

"येवढंच ऱ्हाऊ द्या की," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पाच अक्षरं हायत."

तीन बैठका भांडलेली मी, मीटरच्या काट्याकडं बघत राहिले.

"तिला लिवाय येत न्हवतं," बापूसाहेब म्हणाले. "जलमभर आंगठा. तिचं नाव कुठं लिवल्यालं तिनं कदी बघितलंच न्हाय. मला वाटलं, हितं लिवलं तर वरनं तरी दिसंल."

मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. सांगायचं तर मलाच सांगायला हवं होतं. "बापूसाहेब," मी म्हटलं, "एक अक्षर राहिलं तरी सगळं अडतंय."

त्यांनी मान हलवली आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. घाई केली नाही. सगळ्यात शेवटी 'म्हा' राहिला, तोही गेला, आणि काटा उजवीकडं सरकला. "आली," सरदारभाई हळूच म्हणाले. बापूसाहेबांनी मीटर पाहिलासुद्धा नाही. पत्र्यावर पडलेल्या पिवळ्या खपल्या त्यांनी एकेक करून वेचल्या, रुमालात बांधल्या आणि खिशात ठेवल्या.

सोमवारी नागेश आले. सकाळी चालू केलेलं मशीन शाळा सुटेपर्यंत चाललं. सातवीतल्या सायराबानूनं आठाचा पाढा टाइप केला, तो तिच्या पडद्यावर उमटला, आणि अख्खा वर्ग तिच्या खांद्यावर ओणवा झाला. नागेशांनी संच इथंच राहील म्हणून सांगितलं आणि निघता निघता विचारलं, पॅनेल कुणी दिलं? एरवी नाव असतं हो अशा वस्तूंवर.

दारात उभे असलेले बापूसाहेब म्हणाले, "गावानं दिलं."

एवढं झाल्यावरही हा माणूस मला भांडल्याशिवाय राहू देईना. "गावानं नाही," मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "म्हाळसाबाईंनी दिलं. ह्यांच्या आईनं."

मुलांनी वळून बापूसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"बाई," ते मग म्हणाले, "येकदा तरी माझा शबुद खाली पडू दिऊ नगा की." आणि पाव्हण्यांच्या चहाचं काय झालं ते बघायला निघून गेले.