शिशाच्या मण्यांचे जाळे

मित्रांनो, मी मासे धरायचे एक जुने जाळे आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर दुधराम ढीवर राहतो. त्यानेच मला हाताने विणले.

फेकलेले जाळे तळाला बसायला हवे, म्हणून काठाला वजन लागते. २००४ साली दुधरामने भंगारातली ट्रकची बॅटरी आणली. तिच्यातले शिसे घरच्या चुलीवर वितळवून त्याने मणी पाडले. मणी दोरीवर दातांनी चावून घट्ट करायचा, ही त्या घराची रीत. दुधरामचे दात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने हलत होते. म्हणून ते काम त्याची लहानगी लेक चमेली करी.

"माही पोरगी म्हणजे पक्कड हाय पक्कड!" तो शेजाऱ्यांना सांगे. चमेली खुलायची. एखादा मणी गोळीसारखा गालात धरून ती अंगणभर फिरे.

मी पाण्यावर गोल पडे, लोक वाहवा करत. जुने मणी गळत, नवे चावले जात.

मग चमेलीचे पोट दुखू लागले. ती चिडचिड करी. पाठ झालेली कविता अर्ध्यावर सुटू लागली.

"काऊन व, काल त् धडाधड म्हणून राहिली होती!"

"डोक्यातून निंगून जाते, बाबा."

"खेळाचं बरं ध्यानात राह्यते!" दुधराम ओरडला आणि त्याने पुन्हा मणी तिच्यापुढे सरकवले. मी खुंटीवर होते. मला वाचा नव्हती.

शेवटी आजी धुरपताबाईने हट्ट धरला आणि दोघा मायलेकांनी पोरीला गोंदियाला नेले. डॉक्टरीणबाईंना तिच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली. तपासणीत रक्तात शिसे निघाले.

"मणी चावणं आता थांबवलं तर आणखी बिघडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मेंदूचं जे नुकसान झालं, ते सगळं भरून येईलच असं नाही."

"मी तिले आळशी समजून राहिलो, मॅडम," दुधराम एवढेच बोलला.

घरी येताच त्याने माझे सगळे मणी कापले आणि लोखंडी कड्या बांधल्या. आता मी वाकडेतिकडे पडते. त्याला त्याचे काही वाटत नाही. चमेली ओळीवर बोट ठेवून वाचते, मध्येच हरवते. तो शेजारी बसून म्हणतो, "पुन्हा म्हण, माय. मले घाई नाही."

मित्रांनो, शिसे तोंडात धरू नका, घरच्या चुलीवर वितळू देऊ नका. आणि वर्गात कोणी मागे राहत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा.